व्हेरोनाची भाषा आणि दोघांचे सुनीत : ‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या आरंभीच्या प्रवेशांचा विचार

शेक्सपिअरच्या शोकात्मिकांची चर्चा करताना ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ला नेहमीच थोडे दुय्यम स्थान मिळत आले आहे. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ज्या चार शोकात्मिकांना केंद्रस्थानी ठेवले, त्यांत या नाटकाचा समावेश नव्हता. एच. बी. चार्लटन यांनी १९४८ मध्ये त्याला प्रायोगिक शोकात्मिका म्हटले आणि शोकात्म कल्पनेचा नमुना म्हणून ती अयशस्वी ठरते, असा निष्कर्ष काढला. या मतामागील आक्षेप स्थूलमानाने असा आहे : नायक-नायिकेचा नाश त्यांच्या स्वभावातून उद्भवत नाही, दैव, योगायोग आणि दोन घराण्यांचे वैर या बाह्य कारणांनी तो घडून येतो. जे केवळ घडते त्याला करुण म्हणता येईल, शोकात्म म्हणता येणार नाही.

हा आक्षेप प्रामुख्याने नाटकाच्या शेवटाकडे, म्हणजे न पोहोचलेल्या पत्राकडे आणि थडग्यात काही क्षणांनी हुकलेल्या भेटीकडे पाहून घेतलेला आहे. आरंभीच्या प्रवेशांकडे मात्र कथेची पूर्वपीठिका सांगणारा भाग म्हणूनच पाहिले जाते. नोकरांची चकमक, रोझलिनसाठी झुरणारा रोमिओ, दाईची बडबड, मर्क्यूशिओचे स्वप्नराणीवरील भाषण हे सारे रंजक असले तरी ओलांडून जाण्यासारखे मानले जाते. या प्रवेशांचे संघटन बारकाईने तपासले तर मात्र नाटकाच्या शोकात्मतेचा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. शत्रुत्व ही व्हेरोनातील केवळ एक परिस्थिती नाही. ती तेथील बोलण्याची रीत आहे. आणि प्रेमिकांचा पहिला संघर्ष घराण्यांशी होण्यापूर्वी या रीतीशी होतो.

१

नाटकाचा आरंभ कोरसच्या सुनीताने होतो. १५९९ च्या दुसऱ्या क्वार्टोत हे सुनीत चौदा ओळींचे आहे. १५९७ च्या पहिल्या क्वार्टोत ते बारा ओळींचेच आढळते. १६२३ च्या फोलिओत ते मुळीच नाही. संहितेच्या या अस्थिरतेमुळे हे प्रास्ताविक कथेला अपरिहार्य आहे काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कथा समजण्यासाठी त्याची गरज नाही, हे उघड आहे. पण त्याने प्रेक्षकाचे स्थान बदलते. दोन तासांच्या खेळात काय घडणार, हे त्याला आधीच सांगितले जाते : प्रेमिक मरणार आहेत आणि त्यांच्या मरणानेच वडिलांचे वैर संपणार आहे. ‘काय होईल’ ही उत्सुकता काढून घेतली गेल्यामुळे ‘कसे होते’ याकडे लक्ष वळते.

संस्कृत नाट्यपरंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला येथे प्रस्तावनेची आठवण होणे साहजिक आहे. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटीच्या गीताने भारावलेला सूत्रधार कोणता प्रयोग करावयाचा हेच क्षणभर विसरतो, आणि त्या विस्मरणात पुढील विस्मरणाचे बीज सूचित होते. तेथील सूचना ध्वनित आहे; ती नाटक पाहून झाल्यावरच पूर्णपणे उमगते. शेक्सपिअरच्या कोरसचे विधान मात्र वाच्य आहे. तथापि या स्पष्टपणातच एक गुंतागुंत आहे. कोरस घटनांचे कारण ग्रहताऱ्यांत शोधतो, तर त्यानंतर लगेच रंगमंचावर येणारी माणसे ग्रहताऱ्यांविषयी काहीच बोलत नाहीत. ती कोळसा, गळफास, कायदा आणि शेजारच्या घरातील मोलकरणी यांविषयी बोलतात. सुनीताच्या बांधीव उंचीवरून नाटक एकदम बाजारातील गद्यावर उतरते. कोरसने सांगितलेले कारण आणि प्रवेशांत दिसणारी कारणे यांत जे अंतर पडते, ते नाटकाच्या अखेरपर्यंत भरून निघत नाही. प्रेक्षकाने केवळ कोरसचा शब्द प्रमाण मानला तर तो चार्लटन यांच्या निष्कर्षाला येऊन पोहोचतो. पण नाटक त्याला त्याच वेळी दुसरेही काही दाखवीत असते.

२

सॅम्पसन आणि ग्रेगरी हे कॅप्युलेट घराचे नोकर. त्यांच्या पहिल्या संवादात कोळसा, कोळसेवाला, संताप आणि गळफास यांसाठी येणारे मूळ शब्द उच्चाराने एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत, आणि एका शब्दावरून दुसऱ्यावर घसरत हा संवाद पुढे सरकतो. भाषांतरकाराची येथे मोठी कोंडी होते. मंगेश पाडगांवकरांसारख्या कवीने हे नाटक मराठीत आणले असले, तरी ही ध्वनिसाखळी कोणत्याही मराठी भाषांतराला जशीच्या तशी उचलता येणार नाही. कारण तिचा आधार अर्थ नसून नाद आहे. म्हणूनच नाटकात तिला महत्त्व आहे. या माणसांचे भांडण विचारातून निघत नाही. एका शब्दाने दुसरा शब्द ओढून आणावा तसे ते वाढत जाते. वैराचे मूळ कारण काय, हे सॅम्पसनला ठाऊक नाही, ग्रेगरीला नाही, आणि प्रेक्षकालाही नाटक कधीच सांगत नाही. वैर मालकांमधले आणि म्हणून त्यांच्या माणसांमधले, एवढेच ग्रेगरीला पुरेसे वाटते.

माँटेग्यूंचे नोकर समोर आल्यावर सॅम्पसन त्यांना अंगठा चावून दाखवतो. हा अपमान आपल्यासाठी आहे काय, असे विचारले गेल्यावर तो ग्रेगरीला हळूच विचारतो की, होय म्हटले तर कायदा आपल्या बाजूने राहील काय? राहणार नाही, असे कळताच तो अंगठा चावल्याचे कबूल करतो, पण तो त्यांना उद्देशून चावल्याचे नाकारतो. हा प्रसंग हास्यकारक आहे. पण त्यातील व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. खूण केली जाते, तिचा अर्थ सर्वांना कळतो, आणि तरीही तिची जबाबदारी कोणी घेत नाही. व्हेरोनातील वैर अशा बेवारस खुणांवर जगते. काही वेळाने अधिपती एस्कलस येतो आणि पोकळ शब्दातून उद्भवलेल्या तीन दंगलींचा उल्लेख करून पुढील दंगलीला मृत्यूची शिक्षा जाहीर करतो. रोगाचे निदान त्याने अचूक केले आहे, पण उपाय मात्र शरीराला शिक्षा देण्याचा योजला आहे. शब्दाला शिक्षा करता येत नाही, हे या अधिकाराचे दुबळेपण पहिल्याच प्रवेशात उघड होते.

हा प्रवेश शेक्सपिअरने स्वतंत्रपणे रचलेला आहे. त्याचा आधार असलेल्या आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या दीर्घकाव्यात कथेचा आरंभ अशा चकमकीने होत नाही. तेथे टिबल्ट प्रथम दिसतो तो थेट त्याचा अंत घडवणाऱ्या लढाईत. पॅरिस येतो तो टिबल्टच्या मृत्यूनंतर. मर्क्यूशिओ मेजवानीत ओझरता दिसतो आणि पुढे नाहीसा होतो. शेक्सपिअरने या तिघांनाही पहिल्या अंकात आणून उभे केले. ब्रुकच्या काव्यात महिनोन्‌महिने चालणारे कथानक त्याने रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्या अवधीत बसवले. ब्रुककडे नाताळच्या सुमारास होणारी मेजवानी येथे जुलैच्या उकाड्यात होते. ज्युलिएटचे वय सोळावरून चौदालाही काही दिवस कमी असे खाली आणले. या बदलांचा एकत्रित परिणाम असा, की प्रेमाला अवकाश मिळण्यापूर्वीच त्याच्या भोवतीची सारी जागा भरून गेलेली असते. रोमिओ आणि ज्युलिएट परस्परांना पाहतात तेव्हा टिबल्टची तलवार एकदा उपसून झाली आहे, पॅरिसची मागणी घरात पोहोचली आहे आणि अधिपतीची शिक्षा जाहीर झाली आहे. यातील एकही गोष्ट ताऱ्यांनी केलेली नाही.

३

रोझलिनचा प्रश्न अधिक विवाद्य आहे. डेव्हिड गॅरिकने अठराव्या शतकाच्या मध्यास आपल्या रंगावृत्तीतून तिचे प्रकरण काढून टाकले. नायकाने एका दिवसात प्रेमपात्र बदलावे, हे त्या काळच्या अभिरुचीला खटकत होते. कोलरिजने याउलट भूमिका घेतली : रोझलिनमुळे रोमिओ हा आधीच प्रेमाच्या कल्पनेच्या प्रेमात असलेला तरुण म्हणून आपल्यासमोर येतो आणि पुढील खऱ्या प्रेमाची पूर्वतयारी होते. हे समर्थन मानसशास्त्रीय आहे व त्या मर्यादेत ते योग्यही आहे. परंतु रोझलिनचे नाटकातील कार्य तेवढ्यावर संपत नाही.

पहिल्या प्रवेशात रोमिओ आपल्या प्रेमपात्राचे नाव उच्चारत नाही. ते प्रेक्षकाला दुसऱ्या प्रवेशातील पाहुण्यांच्या यादीतून कळते, आणि त्याच यादीत ती कॅप्युलेटची पुतणी असल्याचेही कळते. म्हणजे रोमिओचे पहिले प्रेमही शत्रूच्याच घरातील मुलीवर आहे. तरीही तो, बेन्व्होलिओ किंवा अन्य कोणी घराण्यांचे वैर हा या प्रेमातील अडथळा असल्याचे चुकूनही म्हणत नाही. अडथळा एकच सांगितला जातो : तिने ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आहे. या मौनाचा अर्थ काय? रोमिओ ज्या प्रेमाची भाषा बोलतो ती पेट्रार्कच्या परंपरेतून आलेली, ठरीव विरोधाभासांची भाषा आहे. या परंपरेत प्रेयसी निरुत्तर असणे गृहीतच धरलेले आहे. रोझलिन नाटकात एकदाही बोलत नाही. ती बोलणार नाही, हीच या प्रेमाची अट आहे. एकतर्फी प्रेम कोणाच्या घराण्याला बाधत नाही. व्हेरोनाला ते चालते. मित्र त्याची थट्टा करतात, आईवडील काळजी करतात, पण तलवार कोणी उपसत नाही. वैर आडवे येते ते प्रेमाला उत्तर मिळाल्यानंतर. रोझलिन वगळली तर हा भेद नाहीसा होतो, आणि घराण्यांचे वैर ही प्रेमावर सरसकट पडलेली धाड आहे, असा गैरसमज निर्माण होतो.

रोमिओचे विरोधाभास कोठे उच्चारले जातात, हेही लक्षणीय आहे. नुकत्याच झालेल्या दंगलीच्या खुणा त्याला दिसतात; काय झाले ते सांगू नका, मला सारे ठाऊक आहे, अशा आशयाचे बोलून तो द्वेष आणि प्रेम यांना एकत्र गुंफणाऱ्या परस्परविरोधी शब्दजोड्यांची माळ ओवू लागतो. येथे या जोड्या अलंकार म्हणून येतात. त्यांच्यासाठी रोमिओला काही किंमत मोजावी लागत नाही. मेजवानीच्या अखेरीस, ज्याचे चुंबन घेतले तो कोण हे कळल्यावर, ज्युलिएट आपले एकमेव प्रेम एकमेव द्वेषातून जन्मल्याचे म्हणते. शब्दांची रचना तीच आहे. पण आता तो अलंकार राहिलेला नाही, वस्तुस्थितीचे निवेदन झाला आहे. ठरीव भाषेचा हा खऱ्या अर्थापर्यंतचा प्रवास हेच पहिल्या अंकाचे खरे कथानक आहे. हॅरी लेव्हिन यांनी १९६० मध्ये या नाटकातील रूपबद्धतेचा विचार करताना ठरीव आणि उत्स्फूर्त यांतील ताण दाखवून दिला होता. त्याला एवढीच पुस्ती जोडावयाची, की उत्स्फूर्तता येथे ठराविकतेच्या बाहेरून येत नाही; ती तिच्याच साहित्यातून घडवली जाते.

४

पाहुण्यांच्या यादीचा प्रसंग हे योगायोगाचे ठळक उदाहरण म्हणून दाखवले जाते. कॅप्युलेट नोकराच्या हाती यादी देतो. नोकराला वाचता येत नाही. तो वाटेत भेटलेल्या रोमिओकडूनच ती वाचून घेतो. निरक्षर माणसाच्या हाती लेखी आज्ञा देणे हा दैवाचा खेळ नव्हे. तो मालकाच्या बेपर्वाईचा नमुना आहे. आपल्या नोकराला वाचता येते की नाही, हे कॅप्युलेटला ठाऊक असण्याची गरजच भासलेली नाही. या प्रसंगाचे प्रतिबिंब पाचव्या अंकात दिसते. आरंभी एक कागद नको त्या माणसाच्या हाती पडतो, अखेरीस दुसरा कागद हव्या त्या माणसाच्या हाती पडत नाही. दोन्ही वेळी माणसांमधील निरोपाची व्यवस्था कोलमडते. योगायोग आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ते ज्या भेगांतून आत येतात त्या भेगा या नगराच्या आहेत.

तिसऱ्या प्रवेशात ज्युलिएट प्रथमच दिसते. त्यात तिच्या वाट्याला मोजक्याच सात-आठ ओळी आल्या आहेत. बोलतात त्या आई आणि दाई. दाईच्या आठवणीत अकरा वर्षांपूर्वीचा भूकंप आहे, तिची गेलेली मुलगी सुसान आहे, मेलेल्या नवऱ्याचा ग्राम्य विनोद आहे, आणि अंगावरचे दूध तोडण्यासाठी लावलेल्या कडू रसाने चिडलेली तान्ही ज्युलिएट आहे. मरण, वासना, वात्सल्य आणि कडवटपणा यांची ही सरमिसळ वरवर अस्ताव्यस्त वाटते. पण ज्युलिएटच्या आयुष्याला देहाचा आणि काळाचा संदर्भ या अंकात तेवढाच मिळतो. आईची भाषा याच्या नेमकी उलट आहे. पॅरिस हा जणू एक उत्तम ग्रंथ असून त्याला केवळ बांधणीची उणीव आहे, हे रूपक ती यमकांच्या जोड्यांतून पद्धतशीर ताणत नेते. दाईच्या बोलण्यात विवाह म्हणजे देह, आईच्या बोलण्यात विवाह म्हणजे वस्तूची नीट बांधणी. या दोन भाषांमध्ये ज्युलिएट जे उत्तर देते ते आज्ञाधारक दिसते : पाहून आवडले तर आवडून घेईन, पण आईच्या संमतीपलीकडे नजर जाऊ देणार नाही. या उत्तरातील सावधपणा नजरेतून सुटू नये. तिने होकार दिलेला नाही. तिने केवळ वेळ मागून घेतला आहे.

५

पाचव्या प्रवेशाची रचना या साऱ्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. रोमिओ ज्युलिएटला दुरून पाहतो आणि तिच्या रूपाविषयी उत्कट ओळी बोलतो. त्या ओळी ऐकून पहिली प्रतिक्रिया उमटते ती टिबल्टची. हा आवाज माँटेग्यूचा आहे, असे म्हणून तो तलवार मागवतो. रोमिओचे पहिले खरे प्रेमोद्गार शत्रूच्या कानात ओळखपत्र म्हणून पडतात. काय बोलले गेले हे टिबल्टला ऐकू येत नाही. कोणाच्या घराचा आवाज, एवढेच ऐकू येते. कॅप्युलेट त्याला आवरतो, रोमिओविषयी नगरात चांगले बोलले जाते असेही म्हणतो. दुसऱ्या प्रवेशात त्यानेच आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता राखणे अवघड नाही, असे पॅरिसला सांगितले होते. वैर मिटण्याची शक्यता नाटकाने अशा रीतीने आरंभीच दाखवून ठेवली आहे. सुखात्मिकेच्या आकृतिबंधातून हे नाटक शोकात्मिकेत उतरते, ही सूझन स्नायडर यांनी १९७० मध्ये मांडलेली उपपत्ती येथे विशेष पटते : मर्क्यूशिओ मरेपर्यंत शेवट गोड होण्याच्या वाटा खुल्या असतात.

टिबल्ट धमकी देऊन निघून जाताच प्रेमिकांचा संवाद सुरू होतो, आणि तो चौदा ओळींचे सुनीत होतो. पहिल्या चार ओळी रोमिओच्या, पुढील चार ज्युलिएटच्या. रोमिओने वापरलेल्या दोन यमकांपैकी एक ज्युलिएट आपल्या चार ओळींत जसेच्या तसे उचलते आणि दुसरे स्वतःचे आणते. नंतरच्या ओळी दोघांत वाटल्या जातात. समारोपाच्या जोडीतील एक ओळ तिची, एक त्याची. पेट्रार्कच्या परंपरेत सुनीत हे एकट्या पुरुषाचे गाऱ्हाणे असते. येथे प्रेयसी केवळ उत्तर देत नाही, ती रचनेत भागीदार होते, युक्तिवाद परतवते, यमक स्वीकारते आणि बदलते. रोझलिनच्या मौनानंतर हे घडते, म्हणून त्याचा अर्थ ठळक होतो. चकमकीच्या प्रवेशात एक शब्द दुसऱ्या शब्दाला चिथावत होता. येथे एक शब्द दुसऱ्याला जागा करून देतो. व्हेरोनात दुर्मीळ झालेला हा व्यवहार आहे.

या चौदा ओळींत दोघांनाही नावे नाहीत. तो यात्रेकरू आहे, ती संतमूर्ती. नाव विचारण्याचे दोघांनाही सुचत नाही. परंतु इटालियन भाषेत ‘रोमिओ’ या शब्दाचाच अर्थ रोमचा यात्रेकरू असा आहे. म्हणजे नाव टाळून त्याने जे रूपक पांघरले, त्यातही त्याचे नाव लपून बसले आहे. पुढे ज्युलिएट नावाच्या निरर्थकतेविषयी जे बोलते, त्याची मर्यादा येथेच सूचित होते. सुनीत पूर्ण होताच दुसऱ्याचा आरंभ होतो. त्याच्या पहिल्या चार ओळी जुळतात, ज्युलिएट त्याच्या चुंबनावर पुस्तकी असल्याचा सौम्य टोमणा मारते, आणि दाई तिला आईचा निरोप सांगते. दुसरे सुनीत अर्धेही होत नाही. आईने पॅरिसला दिलेले ग्रंथाचे रूपक ज्युलिएटच्या तोंडी थट्टा होऊन आलेले असतानाच आईची हाक यावी, ही योजना सहेतुक आहे. त्यानंतर दाईकडून दोघांनाही नावे कळतात, आणि रोमिओला नावासोबतच या मुलीशी लग्न करणाऱ्याला मिळणाऱ्या धनाचा हिशेबही कळतो.

यानंतर पुन्हा कोरस येतो, पुन्हा एकट्याने सुनीत म्हणतो. क्वार्टो प्रतींत अंकविभागणी नसल्यामुळे हे सुनीत पहिल्या अंकाचा शेवट की दुसऱ्याचा आरंभ, हे संपादकांनी ठरवावयाचे राहिले. अशा रीतीने प्रेमिकांचे सुनीत कोरसच्या दोन सुनीतांच्या मध्ये सापडले आहे. मरण जाहीर करणारा आणि दोघांना वाटून घेता आलेला रूपबंध एकच आहे. दैवाचा म्हणून जो साचा कोरसने आरंभी उभा केला, त्याच साच्यात दोन तरुण माणसे काही क्षण स्वतःचे बोलणे बसवून दाखवतात. त्यांच्या मृत्यूनंतर घराणी समेट करतील, सोन्याचे पुतळे उभारण्याचे ठरवतील; पण एकमेकांचे यमक उचलून बोलणे त्यांना जमेल की नाही, याविषयी नाटक काही सांगत नाही. नाटकाच्या शेवटी जे गमावले जाते ते दोन जिवांपुरते नाही. व्हेरोनाला एकदाच ऐकू येण्याच्या अंतरावर आलेली एक भाषाही त्यांच्याबरोबर जाते. हे नुकसान ओळखायचे तर ती भाषा कशी घडली हे आधी ऐकलेले असावे लागते, आणि ते आरंभीच्या पाच प्रवेशांतच ऐकता येते.